तांब्या खाली नेताना कोणता स्नायू काम करतो?

पाण्याने भरलेला तांब्या एका हातात घ्या, कोपर वाकवून तो खांद्याजवळ आणा आणि दुसऱ्या हाताची बोटे दंडावर ठेवून तांब्या अगदी सावकाश खाली न्या. कोपर सरळ होत आहे. दंडाच्या पुढचा बायसेप्स कोपर वाकवतो आणि मागचा ट्रायसेप्स ते सरळ करतो, असे आपण शाळेत शिकलेलो असतो, त्यामुळे या वेळी मागचा स्नायू घट्ट झाला पाहिजे अशी आपली अपेक्षा असते. बोटांना मात्र उलटे जाणवते. मागचा स्नायू मऊ आणि ढिला राहतो, तर पुढची बेटकुळी तांब्या टेकेपर्यंत ताठ असते. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला की पाठांतर पक्के असलेलेही अडखळतात, कारण सांध्याची हालचाल पाहून स्नायूचे नाव सांगायची सवय सगळ्यांनाच लागलेली असते.

उत्तर सोपे आहे. तांब्याला खाली न्यायला स्नायूची गरजच नाही, ते काम गुरुत्वाकर्षण फुकटात करते. गरज असते ती तांब्या धाडकन पडू नये म्हणून त्याला मागे खेचून धरण्याची, आणि ते काम बायसेप्स करतो. विहिरीत पोहरा सोडताना आपण दोर एकदम सोडून देत नाही, तो हातातून थोडा थोडा सरकू देतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून कोणत्याही हालचालीत कोणता स्नायू काम करतो हे ठरवताना दोन प्रश्न विचारावे लागतात: सांधा कोणत्या दिशेला हलतो आहे, आणि बाहेरचा भार त्याला कोणत्या दिशेला ओढतो आहे. दुसरा प्रश्न विसरला की पहिल्याचे उत्तर हमखास चुकते.

गोंधळात थोडी भर शब्दाचीही पडते. स्नायूच्या कामाला आपण ‘आकुंचन’ म्हणतो आणि आकुंचन म्हटले की काहीतरी आखूड होणार हे मनात येतेच. प्रत्यक्षात स्नायूचे काम आखूड होणे हे नसून ताण निर्माण करणे हे आहे. तो ताण भारापेक्षा जास्त ठरला तर स्नायू आखूड होतो, बरोबरीचा ठरला तर त्याची लांबी तेवढीच राहते आणि कमी पडला तर ताणलेला असतानाच स्नायू लांब होत जातो. याच तीन शक्यतांना अनुक्रमे कॉन्सेंट्रिक, आयसोमेट्रिक आणि एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. तांब्या वर आणणे पहिल्या प्रकारात मोडते, तो मध्येच धरून ठेवणे दुसऱ्या आणि सावकाश खाली नेणे तिसऱ्या. तिन्ही वेळा स्नायू तोच असतो.

स्नायू ढकलू शकत नाही, तो फक्त ओढू शकतो. हे एवढे एक पक्के लक्षात ठेवले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. त्याचे कारण त्याच्या सूक्ष्म रचनेत आहे. स्नायूच्या प्रत्येक तंतूमध्ये सार्कोमिअर नावाचे, मिलिमीटरच्या साधारण पाचशेव्या भागाएवढे लहान कप्पे ओळीने लागलेले असतात आणि प्रत्येक कप्प्यात अ‍ॅक्टिनचे पातळ व मायोसिनचे जाड धागे एकमेकांत शिरलेले असतात. मायोसिनची इवलीशी डोकी अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे पकडतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात ही गोष्ट दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे मांडली. एका जोडीत अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के होते, दुसरीत ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते, पण विद्यार्थी आजही त्यांना भाऊ समजतात.

या पकडापकडीतून आणखी एक गोष्ट निघते. धागे एकमेकांत योग्य प्रमाणात शिरलेले असले, म्हणजे स्नायू मधल्या लांबीवर असला, की डोक्यांना पकडायला सर्वांत जास्त जागा मिळते आणि ताण जास्तीत जास्त येतो. स्नायू फार लांबला तर धागे एकमेकांच्या हाती लागत नाहीत आणि फार आखडला तर एकमेकांच्या वाटेत येतात. हा नियम कागदावर रुक्ष वाटतो, पण त्याचा पडताळा आत्ताच घेता येईल. मनगट पूर्णपणे आतल्या बाजूला वाकवा आणि त्याच स्थितीत मूठ घट्ट आवळून पाहा. मूठ धड मिटतसुद्धा नाही. बोटे मिटवणाऱ्या लांब स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगट ओलांडून जातात, त्यामुळे मनगट वाकले की ते स्नायू आधीच आखूड झालेले असतात आणि त्यांच्याकडे ओढायला लांबी उरत नाही. शिवाय मनगटाच्या पाठीमागून जाणाऱ्या कंडरा ताणल्या जाऊन बोटांना मागे खेचतात. आता मनगट किंचित मागे उचलून मूठ आवळा, ती लगेच घट्ट बसते. हातोडी मारणाऱ्या किंवा खुरपे धरणाऱ्या माणसाचे मनगट नेहमी थोडे मागे उचललेले दिसते, ते याचमुळे.

आता तीन प्रकारांपैकी आयसोमेट्रिकबद्दल फार बोलण्यासारखे नाही. भरलेली पिशवी हातात धरून बसथांब्यावर उभे राहणे, मल्लखांबावरची धरून ठेवलेली पकड, प्लास्टरमध्ये असलेल्या पायाची मांडी आवळून धरायला सांगितलेला व्यायाम, ही सगळी त्याची उदाहरणे आहेत. पदार्थविज्ञानाच्या व्याख्येनुसार यात ‘कार्य’ शून्य होते, कारण काही हललेच नाही. स्नायूतील डोकी मात्र पकड-सोड करतच असतात, म्हणून ऊर्जा खर्च होते आणि हात भरून येतो. असे जोर लावताना माणसे नकळत श्वास रोखतात आणि रक्तदाब झपाट्याने वाढतो. रक्तदाबाच्या रुग्णांना मोठ्याने आकडे मोजत व्यायाम करायला सांगण्यामागे हे साधे कारण आहे, कारण बोलत असताना श्वास रोखता येत नाही.

खरी गंमत एक्सेंट्रिकमध्ये आहे. आखूड होत असताना स्नायू जितक्या वेगाने हलतो तितका त्याचा ताण कमी होत जातो, हे आर्चिबाल्ड हिल यांनी १९३८ मध्ये मोजून दाखवले होते. लांब होत असताना गणित उलटते. जोडलेली डोकी बळाने ओढली जातात आणि सुटण्यापूर्वी जास्त ताण सोसतात, त्यामुळे उचलता येत नाही असे वजनही सावकाश खाली ठेवता येते. ऊर्जाही कमी लागते. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचे आणि दुसऱ्याने उलट्या फिरणाऱ्या पेडलना पायांनी विरोध करायचा. दोघांच्या पायांवरचे बळ सारखेच, वेगही सारखाच, पण विरोध करणाऱ्याला लागणारा प्राणवायू कित्येक पटींनी कमी निघाला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हे प्रात्यक्षिक दाखवले तेव्हा विरोध करायला एक लहान चणीची तरुणी बसली होती, आणि तिने फारसे कष्ट न घेता समोरच्या तरुणाला दमवून टाकले.

स्वस्ताईची किंमत दुसऱ्या दिवशी चुकवावी लागते. सिंहगड पायी चढून उतरलेल्या माणसाला विचारा, धाप कधी लागली आणि मांड्या कशामुळे धरल्या. धाप चढताना लागते. मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे, आणि त्याही लगेच नव्हे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, घरचा जिना उतरताना. उतरताना प्रत्येक पायरीला मागचा गुडघा वाकतो, पण तो वाकवण्याचे काम शरीराचे वजनच करते आणि मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स त्याला लगाम घालत लांब होत जातो. म्हणजे तांब्याचीच गोष्ट, फक्त कोपराऐवजी गुडघ्यात आणि एक लिटर पाण्याऐवजी सगळ्या अंगाच्या वजनावर. थोड्याच तंतूंवर जास्त ताण येतो, काही सार्कोमिअर विस्कटतात आणि दुरुस्तीच्या काळात दुखते. हे दुखणे ‘लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे’ होते असे व्यायामशाळांत अजूनही सर्रास सांगितले जाते, पण ते आम्ल श्रमानंतर तासा-दोन तासांत निचरून जाते आणि दुखणे तर त्यानंतर सुरू होते. दोन आठवड्यांनी पुन्हा तोच गड उतरला तर मांड्या बऱ्याच कमी दुखतात, कारण पहिल्या खेपेनंतर स्नायू सावध झालेला असतो.

सांध्याकडे वळायचे तर आधी तरफ समजून घ्यावी लागते. बायसेप्सची कंडरा कोपरापासून साधारण ४ सेंटिमीटरवर हाडाला चिकटते आणि तळहात कोपरापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर असतो. कोपर काटकोनात ठेवून ५ किलोची पिशवी धरली तर, हाताचे स्वतःचे वजन सोडून दिले तरी, स्नायूंना मिळून ४० किलोहून जास्त बळाने ओढावे लागते. निसर्गाने असा तोट्याचा व्यवहार का केला असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण स्नायू १ सेंटिमीटर आखडला की तळहात सुमारे ९ सेंटिमीटर हलतो, आणि दगड भिरकावायला, घास तोंडाशी न्यायला बळापेक्षा हा वेगच जास्त उपयोगी असतो. जिथे बळ हवे तिथे वेगळी सोय दिसते. गुडघ्याची वाटी क्वाड्रिसेप्सची कंडरा सांध्यापासून पुढे उचलून धरते आणि त्या स्नायूची तरफ लांबवते.

सांध्याचा आकार हालचालीची दिशा ठरवतो. कोपर दाराच्या बिजागरीसारखे एकाच पातळीत हलते, खांदा आणि खुबा उखळातल्या मुसळासारखे सगळीकडे फिरतात, अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखे दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसलेले असतात आणि म्हणून अंगठा प्रत्येक बोटाला भेटू शकतो. मनगट फिरवून किल्ली लावतो तेव्हा प्रत्यक्षात मनगट फिरत नाही. अग्रबाहूतील दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड दुसऱ्यावर पलटी घेते. या पलटीत बायसेप्सचाच मोठा वाटा असतो, हे बहुतेकांना माहीत नसते. कोपर काटकोनात ठेवून दंडावर बोट ठेवा आणि पालथा तळहात जोर लावून उताणा करा, बेटकुळी टणकन वर येईल. उजव्या हाताने स्क्रू आवळायची दिशा नेमकी हीच आहे. उलट तळहात पालथा ठेवून वजन उचलले तर बायसेप्स मागे राहतो आणि त्याच्या खाली दडलेला ब्रॅकिएलिस बहुतेक भार घेतो. एकाच सांध्याच्या एकाच हालचालीत, नुसता तळहात फिरवल्याने, कामाची वाटणी बदलते.

तपासणी करताना हे सगळे कामाला येते. पहिली पायरी सांधा किती हलतो हे पाहण्याची. त्यासाठी दोन पात्यांचा कोनमापक, म्हणजे गोनिओमीटर, वापरतात. कोपर सरळ स्थितीला ० अंश धरले तर ते सुमारे १५० अंशांपर्यंत वाकते. गुडघ्यासाठी पाश्चात्त्य कोष्टकांत १३५ अंशांच्या आसपासचा आकडा दिलेला असतो, पण जी माणसे रोज उकिडवी बसतात, मांडी घालून जेवतात, त्यांच्यासाठी तेवढ्यावर समाधान मानणे मला पटत नाही, कारण आकडा कोष्टकात बसला तरी माणूस पंगतीत बसू शकत नाही.

मोजमाप दोनदा घ्यायचे असते, एकदा रुग्णाने स्वतः हलवून आणि एकदा तपासणाऱ्याने हलवून. समजा एखाद्या बाईंना हात वर नेता येत नाही. त्यांना ढिले सोडायला सांगून आपण हात उचलला आणि तो सहज वर गेला, तर सांधा मोकळा आहे आणि दोष स्नायू, कंडरा किंवा नस यांच्यात शोधायला हवा. आपल्यालाही तो तेवढाच अडलेला लागला, तर सांध्याभोवतीचे आवरण आखडलेले असण्याची शक्यता मोठी, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. त्यात हात बाहेरच्या बाजूला फिरवणे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त अडते, म्हणून ‘वेणी घालता येत नाही’ ही तक्रार कोनमापक हातात घेण्यापूर्वीच बरेच काही सांगून जाते.

दुसरी पायरी बळाची. हाताने स्नायू तपासण्याची पद्धत पोलिओने जन्माला घातली. बॉस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट लव्हेट यांच्याबरोबर काम करणाऱ्या विल्हेल्मिन राइट यांनी १९१२ मध्ये गुरुत्वाकर्षणालाच मापदंड मानून स्नायू जोखण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे दुसऱ्या महायुद्धात नसांना झालेल्या जखमा तपासण्यासाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ० ते ५ अशी श्रेणी रूढ केली. ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे नुसती फडफड, २ म्हणजे गुरुत्वाकर्षण बाजूला काढल्यावर होणारी हालचाल, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल, ४ म्हणजे काही प्रमाणात विरोध सोसणे आणि ५ म्हणजे नेहमीचे बळ. गुरुत्वाकर्षण बाजूला काढणे म्हणजे काही अवकाशात जाणे नव्हे; हात टेबलावर आडवा ठेवून सरपटत हलवू द्यायचा, आणि घर्षण कमी व्हावे म्हणून टेबलावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरवायची.

या श्रेणीचा मोठा धोका असा की ती आकड्यांत असल्यामुळे पट्टीसारखी वाटते. ५ पैकी ३ म्हणजे साठ टक्के बळ, असा हिशेब नातेवाईक करतात आणि कधीकधी डॉक्टरही. कोपर नुसते गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वाकवायला पूर्ण बळाचा अगदी लहान हिस्सा पुरतो, आणि उरलेला सगळा पल्ला ४ आणि ५ या दोन आकड्यांत कोंबलेला असतो. पोटरीच्या बाबतीत तर हाताने तपासणेच व्यर्थ आहे, कारण निम्मे बळ गमावलेली पोटरीसुद्धा तपासणाऱ्याच्या हाताला पुरून उरते. तिथे एका पायावर उभे करून टाच उचलायला सांगतात आणि किती वेळा जमते ते मोजतात. निरोगी तरुणाला साधारण २५ वेळा जमावे अशी अपेक्षा असते.

विरोध देण्याच्याही दोन तऱ्हा आहेत आणि त्यांत आकुंचनाचे प्रकार पुन्हा डोकावतात. एका तऱ्हेत रुग्ण स्थिर हाताविरुद्ध जोर लावतो, म्हणजे स्नायू आयसोमेट्रिक काम करतो. दुसरीत रुग्णाने स्थिती धरून ठेवायची आणि तपासणाऱ्याने ती मोडेपर्यंत दाबायचे. मोडण्याच्या क्षणी स्नायू लांबत असतो, म्हणजे काम एक्सेंट्रिक होते आणि बळमापकावरचा आकडा जास्त येतो. एका महिन्यात पहिली तऱ्हा आणि पुढच्या महिन्यात दुसरी वापरली, तर रुग्ण जिथल्या तिथे असूनही कागदावर सुधारलेला दिसतो. म्हणून नोंदीत आकड्याबरोबर तऱ्हाही लिहिलेली असली पाहिजे.

उभ्या माणसाची तपासणी मला पलंगावरच्या तपासणीपेक्षा अधिक बोलकी वाटते. एका पायावर उभे राहायला सांगितले की ज्या पायावर माणूस उभा आहे त्याच बाजूचा खुब्याचा ग्लुटिअस मीडिअस कंबर तोलून धरतो. तो दुबळा असेल तर उचललेल्या पायाकडची कंबर खाली कलते, हे फ्रीड्रिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले. दोष उजवीकडे आणि कलते डावी बाजू, हे लक्षात आले की काठी दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात का धरायची तेही कळते. दुखऱ्या बाजूलाच काठी धरणाऱ्या आजीबाईंना हे समजावणे मात्र स्नायू समजावण्याइतके सोपे नसते. ज्येष्ठांसाठी आणखी सोपी कसोटी आहे: हात छातीवर घडी करून खुर्चीतून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. २०१९ च्या आशियाई निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, किंवा हाताच्या पकडीचे बळ पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी आले, तर वयानुसार होणाऱ्या स्नायूंच्या झिजेचा पुढे तपास करायला हवा. बसताना माणूस खुर्चीत धपकन पडतो की सावकाश टेकतो, याकडे माझे लक्ष घड्याळापेक्षा जास्त असते, कारण उठण्याची ताकद शिल्लक असूनही बसण्याचा लगाम सुटलेली माणसे पुष्कळ दिसतात.

तांब्याच्या उदाहरणात सांधा एकीकडे हलत होता आणि स्नायू दुसरीकडे ओढत होता. याच्याही पुढची पायरी म्हणजे सांधा हलतो आणि त्याचा स्नायू काहीच करत नाही. मानेतल्या मज्जारज्जूला सहाव्या पातळीवर इजा झालेल्या काही रुग्णांना मनगट मागे उचलता येते, पण बोटांचे स्नायू पूर्ण लुळे असतात. अशा माणसाने मनगट सैल सोडले की बोटे उघडतात, आणि ते उचलले की निव्वळ कंडरा ताणल्या गेल्यामुळे बोटे आपोआप मिटतात. त्या मिटण्यात एखादा हलका पेला सहज धरला जातो. हे दूरून पाहणारा बोटांना ३ गुण देऊन मोकळा होईल, तर मनगट टेबलाला टेकवून धरणारा ० लिहील, आणि ० हेच बरोबर असेल. इतर रुग्णांच्या बोटांचे आखडलेले स्नायू आपण ताणून मोकळे करतो. या रुग्णांच्या बाबतीत मनगट आणि बोटे एकाच वेळी सरळ करून ताणायचे नाही अशी सक्त सूचना असते आणि ते स्नायू जाणूनबुजून थोडे आखूडच राहू दिले जातात, कारण ते लांबले तर मनगट उचलूनही पेला हातात राहत नाही.